हजार पॉइंट आणि वरचा गडी

माणूस विकायला उभा केला की आधी त्याला हातांचं काय करावं ते सुचत नाही. कोणी खिशात घालतो, कोणी पाठीमागे बांधतो, एकाने तर स्टेजवरची प्लास्टिकच्या फुलांची कुंडीच उचलून पोटाशी धरली होती. मासळीला ही अडचण नसते. एकतीस वर्षं मी माहीमच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारला आणि आता दर वर्षी बोईसरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये कबड्डीच्या खेळाडूंचा पुकारते. माहीम म्हणजे केळव्याजवळचं आमचं माहीम. मुंबईतही एक आहे असं ऐकून आहे. तर पापलेट मला कधी म्हणालं नव्हतं, "मावशी, माझं नाव दोनदा जास्त घ्या, सासरची माणसं आलीत."

लिलाव म्हणजे नुसतं ओरडणं, असं बाहेरच्यांना वाटतं. होडी लागली की मासळी टोपल्यांत भरायची. भोवती विकणाऱ्या बायका आणि टेम्पोवाले जमतात, मी भाव बोलायला लागते. बोली कोणी तोंडाने लावत नाही. एकीची भुवई उडते, दुसरी पदर सारखा करते, टेम्पोवाला तोंडातली काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेतो. ते सगळं टिपत भाव चढवत न्यायचा आणि पुढे कोणी जाणार नाही असं दिसलं की सौदा शेवटच्या बोलीवर सोडून द्यायचा. पुकारणारीने सौदा सोडला की विषय संपला, कोणी कितीही रडलं तरी टोपली मागे फिरत नाही. आणि एक रीत अशी, की ज्याला कोणीच भाव दिला नाही तो किरकोळ उरलेला माल शेवटची टोपली घेणारीला वर टाकून द्यायचा. वाळू साफ होते आणि सगळे घरी जायला मोकळे.

कबड्डीत मी शिरले ती मासळीमुळेच. आमच्या पट्ट्यातल्या सहा संघांची लीग सुरू झाली होती आणि खेळाडूंच्या लिलावाला त्यांनी ऑर्केस्ट्रातला एक निवेदक बोलावला होता. तो प्रत्येक खेळाडूवर चारोळी म्हणायचा. दुपारपर्यंत नऊ खेळाडू झाले आणि दोन मालक झोपले. लीगचे एक पदाधिकारी माझ्याकडे बोंबील घ्यायला यायचे, ते म्हणाले, "नलूमावशी, तुमी येता का?" पुढच्या वर्षी मी ऐंशी नावं अडीच तासांत हातावेगळी केली. जेवणवाल्याने तोवर तेलही तापवलं नव्हतं. त्याने माझ्यावर जो राग धरला तो अजून धरून आहे, मला पुरी नेहमी कच्ची देतो.

आता या सहा संघांतले दोन सांगते म्हणजे बाकीचं कळेल. एक संघ राऊतशेठचा. शेठचे पन्नासेक टँकर कारखान्यांसाठी धावतात. त्यांच्या खेळाडूंना मालिशवाला, एसी बस आणि रोज खोक्याने केळी. दुसरा संघ घिवलीचा. त्याला मालक नाही. होडीवर मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात, एक होडीचा, एक जाळ्यांचा, मग प्रत्येक खलाशाचा एकेक. घिवलीच्या होड्यांनी त्यात आणखी एक वाटा काढला, संघाचा. मासळी आली की गड्यांना नवे बूट, नाही आली की जुन्यांना टाके. हा सगळा कारभार यमुताई बघते. तिची स्वतःची होडी आहे आणि ती बोलू लागली की इंजिन बंद आहे की चालू ते कळत नाही.

पहिल्या वर्षी लीग रोकड्या पैशावर झाली. अर्थातच राऊतशेठनी चांगले खेळाडू सगळेच्या सगळे उचलले. मग त्यांचा सामना असला की पहिल्या दहा मिनिटांत निकाल लागे आणि लोक वडापाव खायला जात ते परत येत नसत. सगळ्यांत जास्त वैतागले खुद्द शेठ, कारण रिकाम्या खुर्च्यांसमोर करंडक उचलायला त्यांनाही लाज वाटली. म्हणून नियम केला की लिलावात पैसे बोलायचेच नाहीत. प्रत्येक संघाला हजार पॉइंट, कमी नाही, जास्त नाही. त्यात कमीत कमी बारा खेळाडू घ्यायचे, एकाची बोली चाळीसपासून सुरू. खेळाडूंचं मानधन सगळ्यांनी मिळून भरलेल्या एकाच पेटीतून. म्हणजे पैसा कितीही असो, तो हॉलच्या दारात चपलांशेजारी ठेवून यायचा. हा नियम माझ्याच तोंडून जाहीर झाला आणि तो मला फार आवडला. किनाऱ्यावर मी एकतीस वर्षं जाड पाकिटाला चांगली मासळी दिली होती, दुसरा इलाजच नव्हता.

नियम आला की पळवाटही येते. त्याच वर्षी एक नावाजलेला खेळाडू गुडघ्याला हे भलंमोठं बँडेज बांधून स्टेजवर आला. हॉल हळहळला. कोणी बोली लावेना. राऊतशेठनी खिडकीबाहेर बघत हलकेच चाळीसला आपल्या नंबरची पाटी वर केली. मला शिळ्या मासळीवर ताजा बर्फ घालणारे ठाऊक होते. ताज्या मासळीला शिळी दाखवणारा मी पहिल्यांदाच पाहत होते. मी माइक खाली ठेवला आणि म्हटलं, "बाबा, एक उठबस काढून दाखव."

"मावशी, डॉक्टरनी सांगितलाय—"

"एकच."

त्याने आळीपाळीने शेठकडे आणि माझ्याकडे पाहिलं आणि बसला. उठताना सवयीने अशी उसळी मारली की बँडेज घोट्यावर आलं. हॉलमध्ये जे हसू फुटलं ते थांबायला वेळ लागला. शेठही हसले, त्यांचं हे मला आवडतं, पकडले गेले की ते मनापासून हसतात. तो खेळाडू दोनशे साठला गेला, तोही दुसऱ्याच संघाला.

आणि एका संघाचे मालक असलेल्या केळव्याच्या रिसॉर्टवाल्या नवराबायकोचं तर काय सांगावं. सकाळी घरी भांडून आले होते, म्हणून हॉलच्या दोन टोकांना बसले. नंबरच्या दोन पाट्या घेतल्या, दोन्हींवर नंबर एकच. एका खेळाडूवर ते दोघं नव्वदपासून एकशे ऐंशीपर्यंत एकमेकांविरुद्ध चढले. मी थांबवायला हवं होतं, कबूल. पण चुरस इतकी रंगली होती की माझ्याच्याने राहवेना. शेवटी बाईंनी सौदा जिंकला, नवऱ्याकडे विजयाने पाहिलं, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. लीगच्या समितीने नव्वद पॉइंट परत दिले आणि मला तंबी दिली.

खरी फजिती मात्र माझी व्हायची होती. लीगच्या तिसऱ्या वर्षी घिवलीचा कल्पेश लिलावात होता. घिवलीचा म्हणजे जन्मानेही घिवलीचा, पट्ट्यातला सगळ्यांत चपळ चढाईपटू. यमुताई त्याला सोडणार नाही हे आंधळ्यालाही कळत होतं, राऊतशेठ तर डोळस. ते चढवत गेले. तीनशे, चारशे, पाचशे. पाचशे नव्वदला ते थांबले, यमुताईने सहाशे म्हटलं, आणि शेठनी निवांत शेंगदाणे सोलायला घेतले. उरलेल्या चारशेत यमुताईने चाळीसच्या भावाने दहा गडी घेतले. अकरा झाले आणि पॉइंट शून्य.

बारा पूर्ण नसतील तो संघ त्या वर्षी बाद आणि त्याचे गडी पुन्हा लिलावात, असा नियम होता. पुढच्या खेळाडूंपुरते पॉइंट राखून ठेवायला लावावेत हे मला सुचलंच नव्हतं. किनाऱ्यावर कमरेच्या पिशवीत पैसे नसताना बोली लावणारी बाई मी पाहिलेली नाही. इथे मात्र घिवली बाहेर जाणार होती, कल्पेश पुन्हा उभा राहणार होता, आणि पॉइंट शिल्लक होते फक्त शेठकडे. शेंगदाण्यांचं कारण मला तेव्हा समजलं.

यादीत शेवटचं नाव राहिलं होतं हणमंतचं. सोलापूरकडचा, बोईसरच्या एका कारखान्यात कंत्राटावर, वय छत्तीस, डावा कोपरा राखणारा. तिसरं वर्ष होतं त्याचं. दर वर्षी नाव नोंदवायचा, इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, आणि हॉल गप्प बसायचा. त्याही दिवशी बसला. मी एकदा पुकारलं, दोनदा पुकारलं. शेवटचा विकला गेलेला गडी घिवलीचा होता, समोर एक न विकलेला उभा होता, घसा दुखत होता. एकतीस वर्षांची जीभ, ती मला विचारते कशाला. मी म्हणून गेले, "घिवली, शेवटचा सौदा तुमचा. हा वर घ्या." आणि हातोडी आपटली.

अर्धा क्षण कोणालाच काही कळलं नाही. यमुताईला मात्र कळलं. "घेतला," ती म्हणाली, आणि घिवलीच्या बाकांवर असा काही कल्ला झाला की छताचे पंखे हलले.

राऊतशेठ उठले. "मावशी, ह्या काय? आमाला हजारात बारा आणि त्यांना हजारात बारा नाय, अकरा आणि वर एक? मग हिशोब सारखा कसा?"

शेठ चुकीचं बोलत असते तर सोपं होतं. ते अगदी बरोबर बोलत होते. सगळ्यांना सारखं हा नियम मीच जाहीर केला होता आणि मीच मोडला होता. चहाची सुट्टी झाली आणि मी हॉलमागे भांडी घासायच्या जागी जाऊन उभी राहिले. सौदा परत घेतला तर घिवली संपली. नाही घेतला तर माझा निवाडा संपला. तिथे हणमंत आला.

मी म्हटलं, "हणमंता, माफ कर. माणसाला मासळीसारखा वर टाकला मी."

"आवं मावशी, माफी कशाची," तो म्हणाला. "तीन वर्सं माझं नाव निघालं की लोक चहाला उठायचे. आज टाळ्या पडल्या. आता त्यो सौदा मोडू नका म्हंजे झालं."

टाळ्या यमुताईच्या बाकांवरून पडल्या होत्या, पण ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. मी आत गेले आणि माइक घेतला. "चूक माजी झाली," मी म्हटलं. "पण पुकारलेला सौदा मी कधी मागे घेतला नाय आणि आजपण घेनार नाय. एकाला वर टाकला हा अन्याय हाय, तर मी सगळ्यांना टाकते. न विकलेले अजून आठ जन हायत. बाकीच्या पाचही संघांनी एकेक घ्यायचा, शून्य पॉइंटला."

"मला काय करायचाय उरलेला गडी?" शेठ म्हणाले. "बाकावर बसवीन."

"बाकावर नाय बसवायचा. शेवटची दहा मिनटं मॅटवर उतरवायचा. नायतर तो वर टाकल्यासारखा होतच नाय."

बाकीच्या मालकांना गंमत वाटली आणि ते हो म्हणाले. शेठनी मात्र अट घातली. एवढं वर्ष चालू द्या, अंतिम सामना झाला की मालकांनी बसायचं. त्यांना पटलं नाही तर वरचा गडीही बंद आणि पॉइंटही बंद, पुन्हा रोकडा पैसा. शेठ हात वर करतात तिकडे आणखी तीन हात जातात हे सगळ्यांना माहीत होतं. आणि रोकड्या पैशात घिवली आणखी एक मोसमही टिकणार नाही हेही माहीत होतं. यमुताई फक्त म्हणाली, "बघू." तिच्या तोंडून एक शब्द आला म्हणजे ती घाबरली होती.

चिठ्ठ्या टाकून वरचे गडी वाटले. शेठची चिठ्ठी शेवटची निघाली. "कोनीपन टाका," ते म्हणाले. त्यांच्या वाट्याला शिवपूजन आला, चाळिशीतला, कारखान्यात गोणी चढवणारा, गावाकडे कधीकाळी खेळलेला. तो हात जोडून म्हणाला, "दीदी, यहाँ तो किसी ने कभी पूछा ही नहीं था."

मग जी मजा झाली तिला तोड नाही. एका संघाच्या वाट्याला शाळेतला पोट सुटलेला क्लार्क आला. तो चढाईला निघाला की त्याची अख्खी शाळा पाढे म्हणायची. केळव्याचा एक नारळ काढणारा होता, त्याने एकदा पाय धरला की पंचांची शिट्टी झाल्यावरही सोडायचा नाही, दोघांना मिळून त्याची बोटं उलगडावी लागत. पूर्वी लोक दहा मिनिटांनी उठून जात, आता शेवटच्या दहा मिनिटांना येऊन बसू लागले. कारखान्यांच्या शिफ्ट सुटल्या की माणसं डबे घेऊन थेट मैदानावर. गुण सांगायला माइकवर मीच होते आणि हसून हसून मला गुण ऐकू येत नसत. एकदा मी चुकून दोन्ही संघ जिंकल्याचं जाहीर केलं आणि कोणीच तक्रार केली नाही.

अंतिम सामना लागला घिवली आणि राऊतशेठचा, रविवारी दुपारी. घिवलीतून लोक टेम्पो भरभरून आले, मागच्या टेम्पोत बँड. गाव रिकामं पडलं असेल. शेठ सामनाभर माझ्या शेजारी बसले होते. शेवटचं मिनिट आलं तेव्हा घिवली एका गुणाने पुढे होती. शेठनी रुमालाने मान पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मावशी, आज आमी हरलो तर तुमचा पॉइंटचा कारभार आटपला म्हनून समजा."

ते धमकी देत नव्हते. हरलेला माणूस जसा असतो तसे ते उद्या असणार होते, एवढंच सांगत होते. समोर घिवली जिंकत होती आणि घिवलीची लीग संपत होती, आणि हे त्या हजार माणसांत आम्हा दोघांनाच माहीत होतं.

शेवटची चढाई शेठच्या संघाची. त्यांचे खंदे चढाईपटू बाद होऊन बसलेले, म्हणून शिवपूजन निघाला. घिवलीचे तिघे उभे, त्यात कल्पेश आणि डाव्या कोपऱ्यात हणमंत. माझं तोंड माइकवर ओरडत होतं, "घिवली, सांभाळा, घिवली, पकडा." आणि मनात मी म्हणत होते, सुटू दे, देवी, त्याला सुटू दे. हणमंतने घोटा धरला. काय धरला, वा. कल्पेशने कमरेला मिठी घातली. शिवपूजन पडला, आणि पडल्या जागेवरून, आयुष्यभर गोणी ओढलेला तो माणूस, त्या दोघांना घेऊन मधल्या रेषेकडे सरकायला लागला. वीत, आणखी वीत. हात लांब केला. मधलं बोट रेषेवर टेकलं. दोन गुण.

घिवली एका गुणाने हरली.

राऊतशेठ खुर्चीवर चढले, खुर्ची मोडली, ते पडले आणि तसेच धावत जाऊन शिवपूजनच्या गळ्यात पडले. पन्नास टँकरचा मालक त्याच्या घामेजलेल्या गालांचे मुके घेत होता आणि तो बिचारा "सेठजी, सेठजी" करत अंग चोरत होता. दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत सगळ्यांच्या आधी शेठचाच हात वर गेला. "वरचा गडी राहायलाच पायजे," ते म्हणाले, "आनि पॉइंटपन. कबड्डी म्हंजे हीच." मागोमाग तीन हात वर आले. तेव्हापासून नियम आहे तसा आहे आणि घिवली लीगमध्ये आहे. पॉइंट राखून ठेवायची सक्तीही मी घातली. हणमंत आता पंचावन्नला विकला जातो आणि पुकारताना मी त्याचं नाव तीनदा घेते.

पण यमुताईला तो एक गुण गिळता आलेला नाही. सामन्याआधी तिने गावदेवीला नारळ ठेवला होता. बँड वाजलाच नाही, तसाच टेम्पोत बसून परत गेला. अजून बाजारात भेटली की म्हणते, "नलू, सगला बरोबर केलता ग आमी. देवीच काय रुसली ती कलत नाय." मी मान हलवते, बोंबील सारखे करते आणि दुसरा विषय काढते. हा अंक घिवलीच्या वाचनालयात जातो हे मला माहीत आहे, आणि यमुताई त्यातली चित्रं बघून ठेवून देत नाही, शेवटच्या पानापर्यंत वाचते, हेही माहीत आहे. म्हणून इथे लिहिते. यमुताई, देवीला बोल लावू नकोस. त्या दिवशी तिच्याकडे दोन मागण्या गेल्या होत्या, आणि तुझ्याविरुद्धची माझी होती.